पिवळं पाणी

बाबांच्या जीपमध्ये खरं बोलणारा एकच काटा उरला आहे, तापमानाचा. वेगाचा काटा केव्हाच मेला आणि डिझेलचा मनाला येईल ते सांगतो. त्यामुळे त्या उन्हाळ्यात बाबांच्या शेजारी बसले की मी समोरचा रस्ता पाहत नसे, तो काटा पाहत असे. तो मध्यावर असला की माझा श्वास सरळ चालायचा. जरा पुढे सरकला की मी थांबायला सावली शोधू लागायची. मी मुळात भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून घरी परत येणाऱ्या बायका असतात ना, त्यातली मी. पण त्या उन्हाळ्यातली भीती उगीच नव्हती.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात ड्रायव्हर होते. साहेब, सामान आणि अडल्या वेळी कॉलनीतल्या बाळंतिणी, सगळ्यांना घेऊन ते आयुष्यभर फिरले. निवृत्त झाल्यावर जुन्या गाड्यांच्या लिलावात त्यांनी ही जीप उचलली, तेव्हा आईनं बरेच दिवस अबोला धरला होता. आता आम्ही तिघं मनीषनगरात राहतो. सोसायटीच्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत आमची जीप अशी काही उभी असते की नवा वॉचमन आला की हमखास विचारतो, ही कोणाची, इथून हलवायची कधी. बाबा त्याला जीपचा इतिहास ऐकवतात आणि तो पुन्हा विचारत नाही.

पण जीप नुसती हौसेची नाही. सावनेरच्या पुढे, आडवळणाच्या गावात माझी आत्या एकटी राहते. गावाच्या अलीकडे एक नाला लागतो, त्यावर पूल नाही. वाळू आणि गोट्यांतून जीपच जाते, दुसरी गाडी तिथंच फसते. दर रविवारी आई-बाबा आत्याला डबा, औषधं आणि गप्पा पोचवायला जातात. मी धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते आणि रविवार हा आमचा गर्दीचा दिवस. त्यामुळे ते दोघं रस्त्यावर आणि मी दुकानात, मोबाइल उलटासुलटा करत. नाल्याजवळ फोन लागत नाही. सावलीला एक मोहाचं झाड आहे, तेवढंच. मे महिन्याच्या दुपारी तिथं गाडी बंद पडली तर सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांचं काय होईल, हा विचार डोक्यात शिरला की मला समोरच्या गिऱ्हाइकाचा नंबरसुद्धा दोनदा विचारावा लागायचा.

गाडी गरम व्हायला लागली ती एप्रिलमध्ये. त्याआधी, थंडीत, रेडिएटरखाली थेंब पडताना बाबांना दिसले होते. बाबांनी आईकडून चमचाभर हळद मागून घेतली आणि मला मुद्दाम खाली बोलावलं. रेडिएटरचं झाकण उघडून त्यांनी ती हळद पाण्यात सोडली आणि गाडी चालू ठेवली. हळदीचे बारीक कण पाण्याबरोबर फिरत फिरत भोकाशी जाऊन बसतात आणि गळती थांबते, ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. बाबांनी एकदा जंगलातल्या रस्त्यावर एका झोपडीतून हळद मागून गाडी घरी आणली होती. ती गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की त्यातल्या झोपडीचं दार मला पाहिल्यासारखं आठवतं. तेव्हाही ती त्यांनी सांगितली, आणि शेवटी बोट उचलून म्हणाले, "एक चमचा, बस. एकच डाव. दुसऱ्यांदा टाकली की नळ्या बुजतात अन् गाडी जाते." थेंब खरोखरच थांबले. मला बाबांचा फार अभिमान वाटला.

मग एप्रिलपासून काटा चढायला लागला. आधी चढावर, मग सपाट रस्त्यावर, मग नुसत्या सिग्नलवरसुद्धा. बाबा म्हणायचे, ऊन आहे, गाडीलेही लागते. मीही मनाची समजूत घालायचे. पण मेच्या सुरुवातीला एका दुपारी आम्ही दोघं बँकेतून परत येत होतो. मनीषनगरच्या उड्डाणपुलावर वाहनं एकाला एक चिकटून उभी होती, आणि काटा लाल पट्टीत गेला. बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले.

बाबांनी गाडी कडेला घेतली, उतरले, बॉनेट उघडलं आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

मी किंचाळलेच. त्यांचं मनगट धरून मी मागे ओढलं. झाकण अर्धवट फिरलं होतं, त्यातून वाफेचा आणि पाण्याचा एक फवारा उडाला आणि माझ्या ओढणीवर पडला. आम्ही दोघं वाचलो. त्या वाफेला एक ओळखीचा वास होता, भाजी शिजताना येतो तसा. पण ते वासाबिसाचं पाहण्याची ती वेळ नव्हती. मी घाबरले होते ते दुसऱ्याच गोष्टीनं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे मला बाबांनीच शिकवलं होतं, मी फ्रॉक घालत होते त्या वयात. त्यांच्या हाताखालच्या एका क्लीनरचा चेहरा असाच भाजला होता, तेही त्यांनीच सांगितलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, घाई झाली गा मले. बायकांना 'वं' आणि पुरुषांना 'गा' म्हणतात आमच्याकडे. बाबांनी मला 'गा' म्हटलं, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी ते लगेच लक्षातून काढून टाकलं.

कारण असं बरंच काही मी लक्षातून काढून टाकत होते. दुधाला गेलेले बाबा पाव घेऊन येत. आत्याच्या औषधाचं नाव सांगताना मधेच थांबत आणि मग हसून म्हणत, तुले माहीत आहे ना, तेच ते. माझ्या दुकानात अशी म्हातारी माणसं येतात. नजर गेलेली कबूल करायची नसते, म्हणून आधीच्या गिऱ्हाइकानं म्हटलेला अक्षरांचा तक्ता ऐकून पाठ करतात आणि धडाधडा म्हणून दाखवतात. मी त्यांना पकडते, तक्ता बदलते आणि त्यांची जरा थट्टाही करते. पण बाबांचा तक्ता बदलून पाहण्याचा धीर मला होत नव्हता. वय झालं की होतं, एवढं म्हणून मी तो विषय मिटवत असे. खरं सांगायचं तर मी त्या विषयाला काट्यापेक्षा जास्त घाबरत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीप वर्धा रोडच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकनं गाडी चालू केली, आवाज ऐकला, मान हलवली आणि हेड गॅस्केट गेलं म्हणाला. इंजिन खोलावं लागेल, या वयाच्या गाडीत खोललं की काय काय निघेल सांगता येत नाही, काकाजी, त्यापेक्षा भंगारात द्या. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता यांच्या तोंडचं पाणी पळणार. पण बाबांनी शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते पाहून मला रडू येत होतं, आनंदानं. गाडी थंड झाल्यावर बाबांनी झाकण काढून चालू इंजिनवर रेडिएटरच्या तोंडात पाहिलं. बुडबुडे नाहीत. ऑइलची पट्टी ओढून बोटावर घासली. ऑइल काळं, पण त्यात पाणी नाही. म्हणजे गॅस्केट शाबूत. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, ताण बरोबर. मग त्यांनी झाकण लावलं, गाडी तापू दिली, काटा वर यायला लागताच बंद करायला सांगितली, आणि पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवर तळहात ठेवला. डॉक्टर पोट तपासतात तसा तो हात सरकत होता. वर थांबला, झटकला, पुन्हा ठेवला. खाली उतरला. मग त्यांनी माझा हात धरून तिथं टेकवला.

"वरतं चटका लागते. अठी पाह, थंडा आहे. पाणी अठपर्यंत येऊनच नाही राहिलं. रेडिएटर चोक आहे."

खरंच, वरचा भाग हात ठेवू देत नव्हता आणि खालचा अर्धा भाग नुसता कोमट होता. मेकॅनिकनंही हात लावून पाहिला आणि गॅस्केटचं नाव पुन्हा काढलं नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं. ज्या माणसाला हे कळतं तो विसरतोय, असं कोण म्हणेल? दूध काय आणि पाव काय. मी स्वतःलाच भरपूर शिव्या घातल्या, बापाबद्दल असलं काही मनात आणल्याबद्दल. त्या रात्री मी किती तरी दिवसांनी गाढ झोपले.

रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडे न्यायचा होता. त्यासाठी मी सुट्टी घेतली. बाबांनी बनियनवरच काम करून बोल्ट सैल केले, पाइप सोडवले आणि खालचा नळ उघडून पाणी बादलीत काढलं. ते पाणी पिवळट होतं. गंज असेल, मी म्हटलं. रेडिएटर पोत्यात गुंडाळून आम्ही ऑटोनं नेला.

रेडिएटरवाल्याचं दुकान म्हणजे एक टिनाची शेड, आणि आत गॅसची ज्योत, त्यामुळे बाहेरचं ऊनही थंड वाटावं. त्यानं ज्योतीनं जोडाचा डाख वितळवला आणि वरची टाकी सुटी केली. आत चपट्या नळ्यांची तोंडं दिसायला हवी होती. ती दिसलीच नाहीत. त्यांच्यावर चिखलाचा थर बसला होता, वरून तपकिरी. रेडिएटरवाल्यानं पट्टीनं तो खरवडला तर आतून पिवळाधमक निघाला. आणि वास आला. उड्डाणपुलावर माझ्या ओढणीला लागलेला तोच वास, आमच्या स्वयंपाकघराचा.

एका चमच्याचा एवढा थर होत नाही. हे समजायला मेकॅनिक असावं लागत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक सगळं आलं. सकाळी गाडी पुसायला खाली जाणारे बाबा. त्यांच्या शर्टाच्या खिशाला पडलेले पिवळे डाग, जे मी वरणाचे समजून घासत होते. आईची कुरकुर, की हळद हल्ली पुरतच नाही, कामवालीला विचारलं पाहिजे. बाबांना रोज तो थेंब नव्यानं दिसत होता, जो थंडीतच थांबला होता. आणि रोज ते एकच डाव, एकच चमचा टाकत होते. गॅस्केट असतं तर किती बरं झालं असतं, असं मला खरोखर वाटलं.

बाबा वाकून चिखलाकडे पाहत होते. त्यांनी बोटावर थोडा घेतला, चोळला, हुंगला. मग ताठ उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"कोणत्या येड्यानं टाकली एवढी हळद? गाडी मारून टाकाची होती का?"

ते नाटक नव्हतं. मी रोज खोटं बोलणारे डोळे पाहते, मला ओळखता येतं. त्यांना खरोखर राग आला होता, त्यांच्या गाडीचा घात करणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा. रेडिएटरवाला माझ्याकडे पाहत होता. बाबा माझ्याकडे पाहत होते, आणि हळूहळू त्या रागाखाली दुसरं काही तरी हलायला लागलं. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि मधेच थांबला. ते काही तरी आठवायचा प्रयत्न करत होते. मला त्यांनी ते आठवायला नको होतं. त्या दुकानात, परक्या माणसासमोर, तर नकोच.

"मी टाकली, बाबा."

"तू? कायले?"

"थेंब दिसला मले. तुम्हीच सांगितलं होतं ना हळदीचं. मी टाकतच गेली."

त्यांचे खांदे खाली आले. सुटल्यासारखे दिसले ते, एवढंच मला कळलं. रेडिएटरवाल्याला म्हणाले, पोरगी शिकेल-सवरेल आहे, पण गाडीतलं काही समजत नाही तिले. तो हसला. मीही हसले. नळ्यांतून सळई घालून तो एकेक नळी मोकळी करत होता, आणि बाबा स्टुलावर बसून मला समजावत होते, अगदी लहानपणी समजवायचे तसे. एक चमचा, वं माय. एकच डाव. जो गाडी चालवत नाही त्याले तिची कदर नसते, म्हणून असं होते. आता चाबी तूच ठेव, रोज माह्यासंगं बस अन् शिकून घे.

चावी अशी माझ्याकडे आली. मी ती मागितली नाही आणि त्यांच्या हातून हिसकावलीही नाही.

घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही.

"मी पाहिलं होतं त्याइले डब्यातून हळद घेताना," ती म्हणाली. "गाडीचं काम असंन म्हटलं. मले गाडीतलं काय समजते?"

मग तिनं गॅस बंद केला आणि ती तिथंच खाली बसली. कामवालीचं नाव का घेत होतीस, असं मी तिला विचारलं नाही. तीही माझ्यासारखीच तक्ता बदलायला घाबरत होती.

बाबांना डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. विसरण्याचा हा आजार म्हणजे घसरण आहे, गोळ्यांनी ती संपत नाही, पण पाय जरा सावकाश घसरतो, असं डॉक्टर म्हणाले. मी हळदीचा डबा वरच्या फळीवर, रव्याच्या मागे ठेवला. दुकानात सांगून मंगळवारची सुट्टी सोडली आणि रविवारची घेतली. आणि जीप शिकले. स्टिअरिंग इतकं जड की पहिल्या आठवड्यात माझे दंड सुजले. बाबा शेजारी बसून ओरडायचे, आणि ते ओरडणं मला गोड लागायचं.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही आत्याकडे निघालो. आई मागे डबा मांडीवर घेऊन बसली, बाबा माझ्या शेजारी. कोराडी मागे पडली, कोळशाचे ट्रक कमी झाले. बाहेर ऊन आग ओकत होतं, पण काटा मध्यावर होता. रेडिएटर नव्यासारखा झाला होता. मी दर मिनिटाला काटा पाहत होते आणि तो जागचा हलत नव्हता. नाला दिसायला लागला तसे बाबा म्हणाले, मोहाखाली थांबव जरा, गाडीले दम खाऊ दे. मी थांबवली. आम्ही दोघं उतरलो, आई आतच बसून राहिली.

बाबा वाकले, गाडीखाली पाहिलं. एअर कंडिशनर नसलेल्या गाडीखाली पाणी असायचं कारण नव्हतं आणि नव्हतंच. वाळू कोरडी होती. बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढली. पुडीला पिवळे डाग होते.

"लिकेज आहे वं," ते हळूच म्हणाले. "झाकण आत्ता खोलू नको, चटका लागंन. थंडी होऊ दे. मंग एक चमचा टाकू."

कुठून आणली, हे मी विचारलं नाही. आईकडे पाहिलं तर ती माझी नजर चुकवत मांडीवरच्या डब्याचं झाकण दाबून धरून बसली होती. आम्ही सावलीत उभे राहिलो. बाबांच्या तळहातावर ती पुडी होती. इतके दिवस मी प्रत्येक गोष्टीत देवाकडे मागणं मागत होते की बाबांना आठवू दे, औषधाचं नाव, पाव नव्हे दूध, माझं नाव. आणि त्या झाडाखाली मी मनातल्या मनात म्हणत होते, विसरा, बाबा. एवढं एक विसरा. पुडी खिशात टाका आणि गाडीत बसा.

ते विसरले नाहीत.

"झाली असंन थंडी. आण, टाकू."

"द्या, मी टाकते," मी म्हणाले, आणि पुडी घेतली. बॉनेट उघडलं तसा त्याचा पडदा आमच्यामध्ये आला. मी झाकणाला हात लावला नाही, नुसती बॉनेटखाली ठेवलेली पक्कड त्यावर एकदा वाजवली. मग वाकून पुडी वाळूवर रिकामी केली आणि चपलेनं वरून वाळू लोटली. हाताला हळद राहिलीच. ती मी ओढणीला पुसली.

"किती टाकली?" पलीकडून बाबांनी विचारलं.

"एक चमचा."

"बस. एकच डाव. आता पुन्हा टाकू नको."

"नाही टाकणार, बाबा."

बॉनेट लावून मी गाडीत बसले आणि नाल्यात उतरवली. गोट्यांवरून जीप हेलकावे खात पार झाली. नाल्यापासून पुढेही काट्यानं एकदाही मध्य सोडला नाही असं आई नंतर म्हणाली. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी तेवढा सगळा वेळ बाबांच्या खिशाकडे पाहत होते.